बदकांच्या फोटोसाठी पन्नास फूट काठ

"मायणीला गेलो, एक पक्षी नाही," ही तक्रार दर हिवाळ्यात कानावर येते. पुढच्याच रविवारी त्याच तळ्यावरचे सुरेख फोटो कुणीतरी दाखवतं. दोघंही खरंच बोलत असतात. खटाव-माणची तळी दरवर्षी बदलतात, आणि एकाच हिवाळ्यात पंधरवड्याला एकदा बदलतात. म्हणून सातारा-सांगलीत जागा हेरताना आम्ही तळ्याच्या नावामागे लागत नाही. शोधायचा असतो पन्नासेक फूट काठ, आणि तो काठ जुळून येतो ते दहा-बारा दिवस.

सुरुवात पाण्याच्या खोलीपासून. बदक म्हटलं की लोकांना मोठं धरण आठवतं, पण कोयनेच्या शिवसागरात किंवा धोमच्या जलाशयात हिवाळ्यात बदकं हेरायला जाणं म्हणजे बहुतेकदा पेट्रोल जाळणं. तिथले काठ उभे. चार पावलांत पाणी छातीला लागतं. पाणी खाली जाऊन सपाट गाळ उघडा पडेपर्यंत एप्रिल उजाडतो, आणि तोवर पाहुणी बदकं उत्तरेला निघून गेलेली असतात. बुडी न मारता, शेपटी वर करून चरणाऱ्या बदकांची पोच मानेच्या लांबीएवढीच. चक्रांग सगळ्यांत लहान, त्याला वीतभर पाणी पुरतं. तलवार बदकाची मान लांब, ते दीड-दोन वितीपर्यंत चरतं. थापट्या चोचीने वरचं पाणी गाळत जातो, तरी उथळ कडेलाच जास्त रमतो. गुडघाभर पाणी म्हणजे या मंडळींच्या हिशेबात खोल. लालसरी बुडी मारते, तिला पुरुषभर पाणी चालतं, म्हणूनच ती काठापासून लांब राहते आणि फोटोत ठिपका होऊन बसते. वारकरी हा काळा पाणपक्षी दोन्हीकडे दिसतो. त्याची चिंता करायची नसते, तो असतोच.

तेव्हा बघायचा तो दुष्काळी पूर्वभाग. येरळेवरचं नेर आणि येरळवाडी, मायणी, तिथून जवळचं सूर्याचीवाडी, माणमधली पिंगळी, राणंद, आंधळी, आणि दोन्ही जिल्ह्यांच्या शिवेवर माणगंगेवरचा राजेवाडी तलाव. यातले बरेच तलाव ब्रिटिश काळातले, गाळाने भरत आलेले. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने गाळ हा दोष, बदकांच्या दृष्टीने तेच ताट. पिढ्यानपिढ्या साठलेल्या गाळाने तळ सपाट झालेला असतो, आणि पाणी वीतभर उतरलं तरी शेकडो फूट नवा ओला काठ उघडा पडतो.

याच सपाटीमुळे तळी फसवतातही. पाऊस कमी झाला की जानेवारीतच भेगा पडतात. उलट प्रकार उपसा योजनांचा. टेंभू, म्हैसाळ, उरमोडी, जिहे-कठापूर यांचं पाणी सुटलं की त्यावर भरणाऱ्या तलावांची पातळी ऐन हिवाळ्यात वर चढते. माणसांना आनंद होतो आणि तो रास्तच आहे, पण काल ज्या काठावर तीनशे बदकं चरत होती तो चार दिवसांत तीन फूट पाण्याखाली जातो. बदकं नाहीशी होत नाहीत. शेजारच्या उतरत्या पाण्याच्या तळ्यावर जातात. म्हणून एक तळं भरलेलं दिसलं की आम्ही परत फिरत नाही, आसपासच्या ज्या तळ्यात पाणी सुटलेलं नाही त्याची चौकशी करतो. उतरतं पाणी हवं, चढतं नको, एवढं एक सूत्र पकडलं तरी निम्मे खेप-खर्च वाचतात.

पाणी उतरतंय की चढतंय हे घरबसल्या कळतं. युरोपीय सेंटिनेल-२ उपग्रहाची छायाचित्रं कोपर्निकस ब्राउझरवर फुकट मिळतात. आकाश निरभ्र असेल तर साधारण पाच दिवसांनी एक ताजं चित्र. एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर, म्हणजे बदक दिसणार नाही, पण पाण्याची कड चोख दिसते. आम्ही नोव्हेंबरच्या शेवटाचं चित्र आणि गेल्या वर्षीचं फेब्रुवारीचं चित्र शेजारी ठेवतो. दोन्हींतल्या कडांमध्ये जिथे सगळ्यांत जास्त अंतर पडलंय तिथला उतार सगळ्यांत मंद. धरणाच्या भिंतीजवळ हे अंतर जवळजवळ शून्य असतं, फुगवट्याच्या शेपटीला, म्हणजे पाणी नदीत मागे जिथवर पसरतं तिथे, तीन-चारशे मीटरही भरतं. अशा तीन-चार जागांवर खूण करायची. एक धोका आहे: जलपर्णी किंवा पानकणसाने भरलेला कोपरा चित्रात हिरवा दिसतो आणि शेत वाटतो. तो जागेवरच तपासावा लागतो.

मग दिशा. आमच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस सूर्य बरोबर पूर्वेला उगवत नाही, पूर्वेपासून सुमारे 25 अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो. मावळतो तोही तेवढाच दक्षिणेला, आणि भर दुपारी दक्षिण आकाशात 49 अंशांच्या आसपासच चढतो. म्हणजे दक्षिण काठावर बसणाऱ्याच्या पाठीशी जवळजवळ दिवसभर ऊन. नीरेवरचं वीर धरण याचा उत्तम नमुना. नीरा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते आणि सातारा जिल्ह्याचा काठ दक्षिणेचा. शिरवळहून लोणंदकडे जाताना पाणी डाव्या हाताला राहतं. त्या बाजूने उत्तरेकडे तोंड करून बसलं की पट्टकादंब या पाहुण्या हंसांच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे आणि चोचीचा पिवळा नारिंगी रंग उन्हात उजळून येतो. पलीकडच्या काठावरून तेच पक्षी दिवसाचा बराच वेळ काळ्या आकृत्या दिसतात. येरळेचं तसं नाही. येरळा उत्तरेकडून दक्षिणेला वाहते, त्यामुळे येरळवाडीला मुख्य काठ पूर्वेचा आणि पश्चिमेचा. सकाळी पूर्वेच्या काठावर, संध्याकाळी पश्चिमेच्या. दोन्ही वेळा एकाच जागेवरून साधायचा हट्ट धरला तर एक वेळ वाया जाते. ओढे जिथे तळ्याला मिळतात तिथे पाण्याचे फाटे आत शिरलेले असतात आणि त्यांची दिशा मुख्य काठाशी जुळत नाही. नकाशावर बोट ठेवून प्रत्येक फाट्याचा वेगळा हिशेब करावा लागतो.

वारा विसरला जातो. बदक उठतं वाऱ्यावर तोंड करून, उतरतंही तसंच. वारा आपल्या पाठीवर असेल तर उतरणारे पक्षी आपल्याकडे तोंड करून पाय पुढे टाकत येतात, नाहीतर पाठमोरे ढीगभर फोटो मिळतात. हिवाळ्यात सकाळचा वारा आमच्याकडे बहुधा पूर्वेकडचा, मंद. सकाळच्या उन्हाशी त्याची गाठ छान पडते. पूर्वेच्या काठावर बसलं की ऊनही पाठीवर, वाराही पाठीवर. फेब्रुवारीत दुपारनंतर तो फिरतो, तेव्हा मूठभर धूळ उडवून बघायची.

एवढं झाल्यावर प्रत्यक्ष पाहणी, आणि ती कॅमेऱ्याशिवाय. कॅमेरा बरोबर असला की माणूस दिसेल त्या पक्ष्यामागे धावतो आणि काठ बघायचा राहतो. वेळ अकरा ते तीन. या वेळी ऊन फोटोच्या कामाचं नसतं, पक्षी विसावलेले असतात आणि त्यांची ठरलेली बसायची जागा दुर्बिणीतून शांतपणे बघता येते. आठ पट दाखवणारी दुर्बीण भरपूर झाली. मग पक्षी नाहीत अशा टोकाने खाली उतरून चिखल वाचायचा.

ओल्या गाळावर बदकाच्या पावलाचा ठसा म्हणजे पुढे तीन बोटं आणि त्यांच्यामध्ये पडद्याची पुसट रेघ. शेकाट्या या लांब पायांच्या पक्ष्याच्या ठशात पडदा नसतो, बोटं बारीक आणि पावलांतलं अंतर लांब. वारकऱ्याच्या बोटांना पाळीसारखे कंगोरे असतात, ठसा पानासारखा उमटतो. पट्टकादंबाची विष्ठा करंगळीएवढी, गवताच्या कांडीसारखी, फोडली तर आत हिरवा चोथा. ती ताजी, ओलसर असेल तर कळप आज सकाळी इथे होता. वाळून फिकट झालेली असेल तर जागा जुनी. खडकावर पांढरे ओघळ दिसले तर तो पाणकावळ्यांचा अड्डा, बदकांचा नव्हे. कडेला पिसं साठलेली असतील तर पक्षी इथे नुसते चरत नाहीत, पिसं साफ करत बसतात, आणि आम्हाला सगळ्यांत प्रिय काठ हाच. चरणारं बदक सारखं डोकं पाण्यात घालतं. पिसं साफ करणारं बदक मान उंचावतं, पंख ताणतं, उभं राहून फडफडतं. फोटो तिथे असतो.

काठावर पाऊल टाकण्याआधी काठी. काळ्या मातीचा काठ वरून वाळून पांढरट दिसतो, भेगाही पडतात, आणि खाली लोण्यासारखा असतो. हाताच्या जोरावर काठी वीतभर आत गेली तर तिथून पुढे जायचं नाही. गुडघ्यापर्यंत रुतलेला पाय निघतो, बूट निघत नाही. रुतलोच तर उभं राहून ओढाओढ करायची नाही, आडवं पडून वजन पसरायचं. याहून वाईट म्हणजे बुडीत जमिनीतल्या जुन्या विहिरी. पाणी उतरताना कठडा ढासळलेली विहीर उथळ पाण्याखाली झाकलेली राहते आणि वरून काहीच कळत नाही. ही माहिती कुठल्या नकाशावर मिळणार नाही, गाळपेर करणाऱ्या माणसालाच विचारावी.

गाळपेर म्हणजे पाणी हटेल तशी उघड्या पडलेल्या गाळात केलेली पेरणी, बहुधा हरभरा, गहू, कुठे ज्वारी. पट्टकादंब रात्री आणि पहाटे अशा पिकात चरतात आणि दिवस वर आला की पाण्याकडे परततात. म्हणून चौकशी कशी करायची यालाही महत्त्व आहे. "इथं पक्षी कुठं दिसतात?" असं विचारलं की समोरचा हात पसरून अख्खं तळं दाखवतो. विचारायचं ते असं:

"आण्णा, रातीचं हरभऱ्यात बदकं उतरत्यात का?"

"उतरत्यात की! पार बुडखा ठेवत न्हाईत. त्या वरल्या वावरात."

"आन् सकाळच्या पारी कुणीकडनं पाण्याव जात्यात?"

"ह्या बाभळीवरनं. दिस कासराभर आला की समदी आरडत जात्यात."

झालं. येण्याची वाट, वेळ आणि उंची तीन वाक्यांत मिळाली. पिकाचं नुकसान हा त्यांच्यासाठी खरा विषय आहे, त्यामुळे "किती सुंदर पक्षी!" असं सुरू करू नये. दुसरी विचारपूस मासेमारीच्या ठेकेदाराच्या माणसाकडे: जाळी कोणत्या वारी आणि कोणत्या बाजूने लागतात. थर्माकोलच्या तराफ्यावरून माणूस निघाला की त्या बाजूची बदकं अर्ध्या किलोमीटरवर सरकतात. तिसरी चौकशी विजेची. काठाला मोटारी बसवलेल्या असतात आणि थ्री फेज लाइट पाळीने येते. दिवसपाळीचा आठवडा असेल तर लाइट यायच्या सुमारास लोक काठावर येतात, स्टार्टर बघतात, फूटव्हॉल्व्ह झटकतात. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी काठ मोकळा. लपण, म्हणजे आत दडून फोटो काढायचा आडोसा, कधी टाकायचं याचा निर्णय आम्ही पुष्कळदा या पाळीवरूनच घेतो.

लपणासाठी महागड्या छापील कापडाची गरज नाही. पाच-सहा बारदानं उसवून एकत्र शिवायची, चार काठ्या, उंची तीन फूट, लांबी सहा. आडवं पडून काम करायचं म्हणून एवढं पुरतं. द्राक्षबागांच्या पट्ट्यात हिरवी शेडनेट गल्लोगल्ली मिळते आणि मोह होतो, पण जानेवारीतला काठ हिरवा नसतो, मातकट असतो. हिरवा चौकोन त्या गाळावर लांबून ओरडतो. बारदानाची खालची कड चिखलाने दाबून टाकायची. कापड नुसतं असण्यापेक्षा त्याच्या फडफडीने पक्षी जास्त बिचकतात. लेन्सचं भोक वीतभर, जमिनीपासून फूटभराच्या आत. लेन्स जितकी पाण्याच्या पातळीला, तितकी मागची पार्श्वभूमी लांब जाते आणि विरघळते. उभ्याने काढलेल्या फोटोत बदकाच्या मागे फक्त पाणी येतं, तेही गढूळ.

अंतराचं गणित आधी करावं. क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 600 मिलिमीटरची लेन्स लावली तर 30 मीटरवर फ्रेमची रुंदी सुमारे 1.2 मीटर पडते. अर्धा मीटर लांबीचं बदक त्यात चाळीस टक्के जागा घेतं, छान भरतं. तेच 100 मीटरवर असेल तर फ्रेम चार मीटरची आणि बदक आठवा हिस्सा. 400 ची लेन्स असेल तर 30 मीटरचं अंतर 20 वर आणावं लागतं. म्हणून लपणापासून 20 आणि 30 मीटरवर पाण्यात एकेक काटकी रोवून ठेवतो. पक्षी काटकीच्या आत आला की मगच बटण. त्याआधी काढलेले फोटो पुसण्यातच रात्र जाते.

लपण आणि पाणी यांतलं अंतर मात्र रोज बदलतं. उतार शंभरास एक असला आणि पाणी दिवसाला एक सेंटिमीटर उतरलं, तर कड दिवसाला एक मीटर मागे सरकते. आठ दिवसांनी येऊन बसलात तर पाणी आठ मीटर लांब गेलेलं. दोन दिवस रिकामं ठेवून पक्ष्यांना सवय झाली की तिसऱ्या पहाटे बसायचं, त्याहून जास्त वाट पाहू नये. शिवाय जास्त दिवस ठेवलेलं बारदान कुणीतरी घरी नेतं, आणि त्यात त्याची चूक नाही, चांगलं बारदान काठावर टाकून देणारा माणूसच त्याला खुळा वाटत असतो.

जानेवारीच्या मध्यात सूर्य सात वाजून पाच-दहा मिनिटांनी उगवतो. त्याआधी वीस-पंचवीस मिनिटं उजेड फुटतो आणि पक्ष्यांना सगळं दिसू लागतं. म्हणून पावणेसहाला आत. बॅटरी लाल कागद लावून, जमिनीकडे. खटाव-माणात पहाटे चांगलाच गारठा असतो आणि गारठलेला कॅमेरा परतताना उबदार गाडीत आणताच काचेवर दव धरतं. पुसू नये, पुन्हा धरतं. कॅमेरा गाडीतल्या उबेइतका तापला की आपोआप जातं. लेन्स टेकवायच्या बीनबॅगेत आम्ही तीन-चार किलो ज्वारी भरतो, पण आधी प्लास्टिकच्या पिशवीत. ओली झालेली ज्वारी फुगते, आंबते, आणि पुढच्या खेपेला गाडीभर वास. दिवसाउजेडी बसायची वेळ आलीच तर दोघांनी चालत यायचं, एकाने आत राहायचं आणि दुसऱ्याने मोठमोठ्याने बोलत परत जायचं. पक्ष्यांना बेरीज-वजाबाकी जमत नाही, निदान बदकांना नाही.

वस्तीवरच्या कुत्र्याला बिस्किट घालू नये. प्रेमळपणे घातलेलं एक बिस्किट म्हणजे सकाळभर लपणाच्या दाराशी शेपूट हलवणारी पाटी.

आकडे थोडक्यात. पोहणाऱ्या पक्ष्याला शटर सेकंदाचा पाचशेवा भाग, उडत्याला दोन हजारावा किंवा त्याहून जलद. शेकाट्या, चमचा, रोहित असे पांढरट पक्षी गडद पाण्यावर असतील तर एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली, नाहीतर पिसांचा तपशील जळतो. चमकत्या पाण्यावर काळा वारकरी असेल तर उलट, वर. खरी मर्यादा मात्र हवेची. साडेनऊ-दहानंतर उघडा गाळ तापतो, हवा लहरू लागते आणि जमिनीलगतच्या लेन्सला तीच हवा सगळ्यांत जास्त भोवते. चाळीस मीटरच्या पुढचं सगळं मऊ येतं. लोक लेन्सला दोष देतात, दुरुस्तीला टाकतात, पैसे जातात. लेन्स ठीक असते. त्या वेळेला दुर्बीण काढावी किंवा भाकरी.

महिना कोणता, याचंही उत्तर पक्ष्यागणिक वेगळं. चक्रांग आणि भुवई बदक लवकर येतात, सप्टेंबर-ऑक्टोबरपासून. पण तेव्हा नरांची जुनी, मळकट पिसं बदललेली नसतात. ऑक्टोबरात काढलेला तलवार बदकाचा नर मादीसारखाच दिसतो आणि माणूस हिरमुसतो. थापट्याचं हिरवं डोकं आणि विटकरी कूस जानेवारी-फेब्रुवारीत पूर्ण भरते. पट्टकादंब डिसेंबर ते फेब्रुवारी, मार्चमध्ये परतीला. त्यांच्यातल्या एखाद्याच्या मानेत अक्षर-आकड्यांचा रंगीत पट्टा दिसला तर कलात्मक फोटो बाजूला ठेवून तो पट्टा वाचता येईल असा एक स्वच्छ फोटो आधी घ्यावा आणि तारीख, जागेसह मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवावा. हळदीकुंकू आणि अडई ही बदकं इथलीच. पावसाळ्यात आणि त्यानंतर पिल्लांसह दिसतात. पिल्लांच्या मागे पाण्यात शिरू नये. आई लंगडल्याचं सोंग करत एकीकडे जाते, पिल्लं दुसरीकडे पांगतात आणि वर घार टपलेलीच असते.

उडताना फोटो हवा म्हणून दगड मारणारे, हाकारे घालणारे, ड्रोन सोडणारे भेटतात. नीतीचं सोडा, त्याने कामही होत नाही. घाबरून उठलेला कळप आपल्यापासून दूर, पाठ करून उठतो, आणि दुसऱ्या दिवशी त्या टोकाला उतरत नाही. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी दर तासा-दोन तासांनी काठावरून फिरतोच. तो आला की सगळं पाणी एकदम उठतं आणि घिरट्या घालून परत उतरतं, म्हणजे वाऱ्यावर तोंड करून, तुमच्याकडे. त्याची वाट पाहायची. मायणीचा परिसर संवर्धन राखीव आहे, तिथे लपण टाकायचं असेल तर वनविभागाला आधी विचारावं. न विचारता रोवलेल्या काठ्या उपटल्या जातात.

सांगलीकडे आलं की तळ्यांचा नियम तोच: अग्रणीच्या खोऱ्यातलं सिद्धेवाडी, जतचं बिरनाळ, आटपाडीच्या अंगाने राजेवाडी. कृष्णेचा नियम मात्र वेगळा. हरिपूरला वारणा मिळते त्या संगमापाशी, अंकलीच्या पुलाच्या आसपास आणि वर ब्रह्मनाळ, भिलवडीकडे वाळूचे आणि गाळाचे पट्टे उघडे पडतात. नदी सुरय, चक्रवाकाच्या जोड्या, चित्रबलाक, मुग्धबलाक तिथे मिळतात. जमिनीलगत आडवं पडून फोटो काढायची वर सांगितलेली सगळी पद्धत तिथे बाद. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत, हिवाळ्यात त्या उन्हाला काठावरच येतात, आणि पाण्याजवळ स्थिर पडलेला माणूस ही त्यांच्यापुढे ठेवलेली थाळीच. नदीवर काठाच्या वरच्या दरडीवरून, पाण्यापासून किमान दहा-पंधरा मीटर लांब, तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर). किंवा गाडीतून: गाडी काठाला आडवी, इंजिन बंद, बीनबॅग खिडकीत. इंजिन चालू राहिलं तर लेन्स बारीक थरथरते आणि तो दोष घरी गेल्यावरच दिसतो. नदीवर गाडीला पक्षी फारसे बिचकत नाहीत. उसाच्या ट्रॉल्यांनी त्यांचे कान तयार केलेले आहेत. पलीकडे काहिलीतून, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईत बसून, नदी ओलांडणारा माणूस दिसला तर थोडं थांबावं, तो गेला की सुरय पुन्हा त्याच पट्ट्यावर येतो.

शेवटी वही. प्रत्येक काठासाठी एक पान: तारीख, सांडव्याच्या किंवा जुन्या पायऱ्यांच्या कितव्या दगडाला पाणी होतं, वारा कुठून, पहिला कळप किती वाजता आणि कुठल्या बाजूने, लाइट कोणत्या पाळीची. येरळवाडीच्या पानावर तीन हिवाळे भरले तेव्हा कळलं की तारीख दरवर्षी वीस-वीस दिवसांनी मागेपुढे होते, दगड तोच राहतो. आता डिसेंबर लागला की वाटेतल्या वस्तीवर फोन करून एवढंच विचारतो, "नाना, पाणी कितव्या दगडाला आलंय?"